पंधरा तारखेचे बाबा

८ सप्टेंबर, दुपार

माझं आयुष्य बदललं तो क्षण आजचा. पेट्रोल पंपावरच्या खाण्याच्या काउंटरमागे उभी राहून, माझ्या पावात तळलेली कोळंबी भरता भरता, मान वर न करता कॅमिल शेरामी म्हणाली की डॅडींची बोट जो कोणी विकत घेईल ना, त्याचा मी भर रस्त्यात मुका घेईन.

रांगेत माझ्यामागे आणखी लोक होते. पण हे ती माझ्या पावात कोळंबी भरताना म्हणाली. त्यांच्या नाही.

बोटीचं नाव ‘मिस लूसील’. किंमत अठ्ठेचाळीस हजार डॉलर. माझ्या खात्यात एकशे बारा.

निश्चय: बोट घेणे. कॅमिलशी लग्न करणे. रागावर ताबा ठेवणे. (पावात सॉस कमी होता म्हणून मॅनेजरला जे बोललो ते शेवटचं.)

९ सप्टेंबर

पैशांचा प्रश्न सुटला. पैसे माझ्याकडे आहेतच, फक्त हप्त्यांत अडकलेत.

मी नऊ वर्षांचा असताना बाबा मिसिसिपी नदीवरच्या कामात दोन बार्जच्या, म्हणजे मालवाहू तराफ्यांच्या, मध्ये पडले. सापडलेच नाहीत. कंपनीने केस मिटवली. आईला तिचा वाटा एकरकमी मिळाला. त्यातून घराचं कर्ज फिटलं, आणि मोठ्या वादळानंतर सगळ्या गल्लीने केलं तसं आम्हीही घर खांबांवर चढवलं. माझ्या वाट्याला आली ती स्ट्रक्चर्ड सेटलमेंट. म्हणजे भरपाई एकदम द्यायची नाही, थेंब थेंब द्यायची. अठरा पूर्ण झाल्यापासून दर पंधरा तारखेला साडेअकराशे डॉलर, मी जिवंत असेपर्यंत. तेव्हाचा वकील आईला म्हणाला होता, एकदम दिले तर पोरगं उधळेल. नऊ वर्षांच्या मुलाबद्दल असं बोलणं! अजून आठवलं की डोकं सटकतं.

असे हप्ते विकत घेणाऱ्या कंपन्या असतात. टीव्हीवर जाहिराती लागतात. म्हातारा बाल्कनीतून ओरडतो, माझे पैसे आहेत, मला आत्ता हवेत. बरोबर ओरडतो.

मला फसवणं सोपं नाही. कॉलेजात फायनान्स हा विषय होता. (कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. प्रोफेसरांच्या गाडीच्या आरशाचं प्रकरण वेगळं, त्याचा संबंध नाही.)

१५ सप्टेंबर, संध्याकाळ

हप्ता जमा झाला. निम्मे आईला दिले, नेहमीप्रमाणे. ती मागत नाही, मी आपला देतो. मनाचा मोठेपणा.

दिवेलागणीला जिन्यावर बूट वाजले. दर पंधरा तारखेला वाजतात. एक पायरी, थांबणं, मग दुसरी. वरपर्यंत येतात आणि दाराशी थांबतात. दार उघडलं की कोणी नसतं. आई त्या दिवशी पांढरा राजमा शिजवते, मासा तळते, आणि दाराला कडी घालत नाही.

मी शास्त्रीय विचारांचा माणूस आहे. आज आईला शांतपणे समजावलं. बाबा गेले तेव्हा घर जमिनीवर होतं. जिना नव्हताच. जो जिना बाबांनी कधी पाहिला नाही तो ते कसे चढतील? म्हणजे रकून आहे, रात्री कचरा उकरायला येणारा.

आई मासा उलटत म्हणाली, म्हणूनच तर थांबत थांबत चढतात. सवय नाही ना.

अशिक्षितपणा.

१८ सप्टेंबर

नॉर्बेरकाकांना सांगितलं. बाप्तिस्म्याच्या वेळी यांनीच मला हातावर घेतलं होतं, म्हणून त्यांना वाटतं मी अजून तेवढाच आहे. बाबांबरोबर ते नदीवर होते. ट्रकखालून बाहेर न येता म्हणाले, विकू नकोस. मी म्हटलं, सल्ला विचारला नाही, माहिती दिली. तर म्हणाले, बरं, मग विकायचेच तर थोडेच वीक. तीन ठिकाणी भाव विचार. लेखी घे. किती टक्के कापतात ते विचार. तुझ्या खिशातून पैसे देऊन तुझा वकील कर, त्यांनी दिलेला नको. आणि जो घाई करेल त्याला पायरी चढू देऊ नकोस.

काका गेली कित्येक वर्षं एकाच माणसाला कोळंबी विकतात, तो देईल त्या भावाने. आणि मला बाजार शिकवतात. पाना द्यायचा होता तो दिला नाही, तसाच निघालो.

२१ सप्टेंबर

फिलाडेल्फियाच्या एका कंपनीला फोन केला. ऑस्ट्रँडर नावाचा माणूस. आवाज असा की शवागारात नोकरीला शोभेल. म्हणे, फोनवर आकडा सांगत नाही, कागद पाठवा, आठवड्याने लेखी भाव देतो. म्हणे, तुम्हाला गरज किती आहे? मी म्हटलं, अठ्ठेचाळीस हजारांची. म्हणे, मग सगळे हप्ते कशाला विकता, पाच वर्षांचे विका, उरलेले राहू द्या. म्हणे, आधी स्वतःच्या वकिलाला दाखवा. म्हणे, घरी कोणी तुमच्यावर अवलंबून आहे का?

मी म्हटलं, तुम्ही गिऱ्हाईक आहात की पाद्री? आणखीही बरंच म्हटलं. फोन भिंतीवर आपटला. स्क्रीनला चीर गेली.

पाच वर्षांचे विका! उद्या म्हणेल, कॅमिलवरही पाच वर्षंच प्रेम करा.

निश्चय: राग आला की दहापर्यंत मोजायचं.

२२ सप्टेंबर

‘हेरन फंडिंग’. काय माणसं आहेत! फोन पहिल्या रिंगला उचलला. ब्रॅडी नाव त्याचं. पाच मिनिटांत मला मित्रा म्हणायला लागला. त्याने पहिला प्रश्न काय विचारला? की हे सगळं कोणासाठी? मी कॅमिलचं नाव सांगितलं. तो म्हणाला, मित्रा, तू नशीबवान आहेस.

पुढच्या पंचवीस वर्षांच्या हप्त्यांचे बासष्ट हजार. रोख. शिवाय कोर्टाची मंजुरी येईपर्यंत अडचण नको म्हणून दोन हजार आगाऊ, आजच. मी टक्केवारी विचारली. (काकांचं सगळंच काही चुकीचं नसतं.) ब्रॅडी म्हणाला, टक्के बँका मोजतात, आम्ही माणसं मोजतो.

मी हे वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. खोल आहे.

तीन ठिकाणी भाव विचारायचे तर दोन झाले. टीव्हीवरचा म्हातारा धरला तर तीन.

२ ऑक्टोबर

कॅमिलला सांगितलं की बोट मी घेतोय. ती काउंटरवरून अर्धी बाहेर आली. म्हणाली, खरंच? कधी? जानेवारीच्या आत होईल ना? नक्की ना? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, ह्यूस्टनच्या नर्सिंग कॉलेजची जागा जानेवारीपर्यंतच राखून ठेवलीय, बोट विकली तरच फी भरता येईल.

किती हुशार मुलगी. मी तिला थांबवतो की नाही, ते बघतेय.

आगाऊ दोन हजारांतून तिला हेडफोन घेऊन दिले. स्वतःला नवा फोन.

११ ऑक्टोबर

हेरनने नर्स पाठवली. हप्ते ‘जिवंत असेपर्यंत’ असल्यामुळे माझ्या प्रकृतीशी त्यांचा संबंध येतो म्हणे. रक्त घेतलं, वजन केलं. घराण्यात कोण कशाने गेलं विचारलं. वडील? पाण्यात. आजोबा? पाण्यात. वडिलांचे काका? बाई पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, ते वीज पडून गेले. तिला हायसं वाटलं. बोटीत होते, हे सांगितलं नाही.

मग ब्रॅडीला फोन केला. तो म्हणाला, आम्ही तुझा विमा उतरवतो, आमच्या नावावर. तू आधीच गेलास तर आमचं नुकसान नको. मी म्हटलं, म्हणजे मी कधी मरणार याची तुमच्याकडे तारीख आहे? तो हसला. म्हणाला, तारीख नाही मित्रा, सरासरी.

घाबरलो वगैरे नाही. पण आज दिवसभर कोणीतरी घड्याळाकडे बघावं तसं माझ्याकडे बघतंय असं वाटतंय. दाढी करतानाही.

१५ ऑक्टोबर

बूट वाजले. वरपर्यंत आले. आज लवकर गेले नाहीत. दाराच्या फटीतून डिझेलचा वास येत होता. खाली कोणाचा ट्रक सुरू असेल.

आईने राजम्याची बशी टेबलाच्या त्या टोकाला ठेवली. मी म्हटलं, रकूनला मीठ कमी घाल. आई हसली नाही. म्हणाली, तू काहीतरी करतोयस. ते आज आत यायला बघत होते.

मी म्हटलं, आत आले तर घरखर्चाची बिलं त्यांना दाखव. बोलून गेलो. दहापर्यंत मोजायला हवं होतं.

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस

आज सगळं गाव कब्रस्तानात. आई पहाटेपासून चुन्याची बादली घेऊन. बाबांचं थडगं दरवर्षी ती स्वतः पांढरं करते. आत कोणी नाही. तरी दोन हात मारते.

ब्रॅडीचा सकाळी फोन. कागदांवर आज संध्याकाळच्या आत सही झाली नाही तर भाव बदलेल, नोटरी निघालेली आहे, तू जिथे असशील तिथे येईल. मी म्हटलं, मी कब्रस्तानात आहे. म्हणाला, हरकत नाही.

नोटरीबाई आल्या. लठ्ठ, घामेजलेल्या, हातात कागदांचा गठ्ठा. खाडीवरून वारा असा की पहिलंच पान उडालं ते थेट गास्पारांच्या कुटुंबाच्या क्रुसावर जाऊन बसलं. बाई म्हणाल्या, टेबल लागेल. कब्रस्तानात टेबल कुठून आणणार? सपाट आणि मोकळी जागा एकच होती. आई पाणी आणायला नळावर गेली होती.

बाई म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतील. काकांकडे बघितलं. ते म्हणाले, पोरा, मी सही केली तर उद्या ह्या दगडाला तोंड कसं दाखवू, आणि फुलं ठेवून निघून गेले. शेवटी फुलवाली आणि तिचा नवरा तयार झाले. नवऱ्याने सकाळपासूनच संतांच्या नावाने घेतलेली होती. सही करून मला म्हणाला, अभिनंदन पोरा, मुलगी कोण?

चौदा जागी सह्या. चुना ओला होता हे माझ्या लक्षात आलं नाही. कागद उचलले तर मागे बाबांच्या नावाची अक्षरं उमटलेली, उलटी. बाई म्हणाल्या, वाचता येत नाही ना, मग चालेल.

आई बादली घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ओरडली नाही. मला ओरडणं सोसतं. ती म्हणाली, आत काही नाही हे मला ठाऊक आहे. बाहेरचं होतं तेवढं होतं. ते तू त्यांच्याच छातीवर ठेवून विकलंस.

मी म्हटलं, आई, ही गुंतवणूक आहे.

तिने कुंचला बुडवला आणि जिथे कागद होते तेवढीच जागा पुन्हा रंगवली.

१६ नोव्हेंबर

काल बूट वाजले नाहीत असं लिहिणार होतो. वाजले. पण वर आले नाहीत. खालच्याच दोन पायऱ्या, वर खाली, वर खाली. पत्ता विसरलेल्या माणसासारखे. मी दार उघडून खाली बघितलं नाही, कारण मॅच सुरू होती.

टीव्ही बंद होता हे आत्ता लक्षात आलं.

२३ नोव्हेंबर

हेरनने कोर्टात अर्ज टाकला आणि माझा फोन वाजायचा थांबेना. असे अर्ज कोर्टात कोणालाही बघता येतात म्हणे. त्यावरून बाकीच्या कंपन्या नावं शोधून काढतात. आज सहा फोन. एक बाई म्हणाली, आम्ही सत्तर देऊ. एक म्हणाला, पंच्याहत्तर, पण आजच. एकाने माझं नाव कॅमिल असं घेतलं. सगळ्यांना शिव्या घातल्या. शब्दाला काही किंमत आहे की नाही?

संध्याकाळी पोस्टाने ऑस्ट्रँडरचं पत्र. लेखी. पंचवीस वर्षांच्या हप्त्यांचे एक लाख चार हजार. किंवा फक्त पाच वर्षांचे एक्कावन्न हजार. खाली लिहिलंय, दुसरा पर्याय निवडावा असं आम्ही सुचवतो, आणि सही झालेली असली तरी कोर्टाचा निकाल होईपर्यंत तुम्हाला मागे फिरता येतं.

एक्कावन्न. बोट अठ्ठेचाळीस. म्हणजे पाच वर्षांनी हप्ते पुन्हा सुरू.

ब्रॅडीला वाचून दाखवलं. त्याचा आवाज एकदम दुखावल्यासारखा झाला. म्हणाला, मित्रा, कागदावर मोठा आकडा लिहायला शाई लागते, पैसे लागत नाहीत. शेवटच्या दिवशी कापतात. आणि आता मागे फिरलास तर ते दोन हजार व्याजासकट आजच परत, आणि कॅमिलची जानेवारी गेली. मग म्हणाला, तरी तुझी मर्जी, मला वाटलं होतं तू वेगळा आहेस.

मी वेगळाच आहे. पत्र फाडलं. (आधी आकडा मात्र दोनदा वाचला. कुतूहल म्हणून.)

शिवाय त्या माणसाला मी पाद्री म्हटलं होतं. आता त्याच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ?

१२ डिसेंबर

थिबोडो शहरातलं कोर्ट. काकांचा कोट घालून गेलो. ब्रॅडी येणार होता, आला नाही. हेरनचा वकील आला, त्याने माझं नाव तीनदा चुकीचं घेतलं.

जजसाहेब म्हातारे. कागद उलटून मागचा चुना बघितला. विचारलं, हे काय? मी म्हटलं, सर्व संतांचा दिवस होता. त्यांनी मान हलवली. इथलेच असावेत.

म्हणाले, मिस्टर डूएट, कायदा मला एकच विचारायला सांगतो. हे तुमच्या भल्याचं आहे का? मी तयारच होतो. उभं राहून बोललो. बोट, धंदा, बापजाद्यांची परंपरा, या मातीशी, म्हणजे या पाण्याशी नातं. क्लार्कने डोळे पुसले. (जांभई असू शकते.)

म्हणाले, सोडताय तीन लाख पंचेचाळीस हजार, घेताय बासष्ट. दुसरीकडे भाव विचारलात? मी म्हटलं, समाधानकारक चौकशी केली. म्हणाले, कोणी जास्त देत होतं? खोटं बोललो नाही. म्हटलं, विश्वास ठेवावा असं कोणी नव्हतं. स्वतःचा वकील? नको असं लिहून दिलंय. म्हणाले, महिनाभराची पुढची तारीख देऊ का, विचार करा. माझा पारा चढला. म्हटलं, मी नऊ वर्षांचा नाही आता.

मग त्यांनी विचारलं, तुमच्यावर कोणी अवलंबून आहे का? मी म्हटलं, नाही.

तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी खोकलं. आई होती. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीचा एप्रन तसाच अंगावर. जजसाहेबांनी तिला विचारलं, बाई, तुम्हाला काही म्हणायचंय? या हप्त्यांवर तुमचं काही अवलंबून आहे का? मला वाटलं आता ही रडून सगळं घालवणार.

आई उभी राहिली. म्हणाली, नाही साहेब, माझं माझं भागतं. बाप त्याचा आहे. त्याला विकायचा असेल तर मी कोण?

जजसाहेबांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. मग सही केली.

जिंकलो. बाहेर येऊन आईला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, बस सुटेल, चल.

९ जानेवारी

पैसे आले. बासष्टमधून आगाऊचे दोन हजार आणि त्यावरचं व्याज, वकिलाची फी, माझ्याच विम्याचा पहिला हप्ता, आणि ‘प्रोसेसिंग’ म्हणून काहीतरी, एवढं कापलं. हातात त्रेपन्न हजार. ब्रॅडीला विचारायला फोन केला. दुसऱ्याच कोणी उचलला. म्हणाला, ब्रॅडी आता नवे ग्राहक बघतो.

मनातल्या मनात मीच त्याला म्हटलं, मित्रा, जा.

१३ जानेवारी

मिस लूसील माझी!

कॅमिलचे डॅडी टॉबी शेरामींनी किल्ली हातात दिली. म्हणाले, इंजिन म्हातारं झालंय हं, मी सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. मला तो त्यांचा विनय वाटला होता.

आणि कॅमिलने मुका घेतला. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, गालावर. शब्दाची पक्की. म्हणाली, कोल्बी, तू माझं आयुष्य बदललंस. मग गाडीत बसली. गाडीत सामान भरलेलं होतं. उशीसुद्धा.

ह्यूस्टन इथून पाच-सहा तासांवर. समुद्रातूनही जाता येतं. तेवढ्यासाठीच तर बोट आहे.

१७ जानेवारी

मेसेज केला: पोहोचलीस? उत्तर म्हणून अंगठा आला. वर उचललेला. वर!

कोळंबीचा हंगाम डिसेंबरात बंद झाला, आता मे महिन्यात उघडेल. हे मला माहीत नव्हतं असं नाही. इथेच जन्मलोय. घाईत लक्षात आलं नाही एवढंच.

२ फेब्रुवारी

इंजिनवाल्याने सात हजार सांगितले. शिल्लक पाच होते, त्यातून धक्क्याचं भाडं गेलं. बोट तळातून पाझरते, पंप सतत चालू ठेवावा लागतो. बोट परत विकायची म्हटलं तर पहिल्याने अकरा हजार सांगितले. त्याला जे बोललो त्यानंतर दुसरा आलाच नाही.

नॉर्बेरकाका धक्क्यावर येऊन बसले. मी ओरडायची तयारी केली होती, म्हणा, म्हणा, मी सांगितलं होतं म्हणा. ते म्हणाले, नदीवर डेकहँडची, म्हणजे बोटीवरच्या खलाशाची, जागा आहे. चार आठवडे पाण्यात, दोन घरी. मी सांगून ठेवलंय.

मी म्हटलं, तात्पुरतं बघतो. मे महिन्यापर्यंत.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ

खात्यात काही आलं नाही. येणार नव्हतंच. आता ते हेरनकडे जातं. पुढची पंचवीस वर्षं.

आईने आज साधं सूप केलं. पाकिटातलं. माझ्याकडे द्यायला निम्मे नव्हते, म्हणून मी ताटं धुतली. तिने नको म्हटलं नाही.

दिवेलागणीला मी जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसलो. हवा खायला. रकूनसुद्धा आला नाही. अंधार पडेपर्यंत बसलो, मग हाक मारली. हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ज्या नावाने मारली ते लिहीत नाही.

आत आलो तर आईने उठून दाराला कडी घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, ते तिकडे गेले असतील. पैसे जातात तिकडे. मोठी बिल्डिंग असेल. लिफ्ट असेल. तेवढंच बरं, गुडघ्यांना.

मी हसायचा प्रयत्न केला. ती गंमत करत नव्हती.

२ मार्च

आईला नदीच्या नोकरीचं सांगितलं. वाटलं थाळी फेकेल. तिने फक्त विचारलं, बूट कोणते घालणार? मी म्हटलं, घेईन. ती म्हणाली, नवे घे. त्यांचे जुने शोधू नकोस, मी ते कोणाला दिले ते आठवत नाही.

निश्चय: मे महिन्यात इंजिन. जूनमध्ये ह्यूस्टन. कॅमिलला रागावलेलो नाही. तिला माझे मेसेज पोहोचत नसतील, हॉस्पिटलात नेटवर्क नसतं.

१५ मार्च, सकाळ

आज निघायचं. क्रूची व्हॅन खाली येईल. बॅग भरली.

आत्ताच फोन आला. अनोळखी नंबर, मुलीचा आवाज. वाटलं, तीच, नवा नंबर घेतला असेल. उभाच राहिलो.

हेरनमधून बोलत होती. टेरी नाव. दर महिन्याला पंधरा तारखेला तिचा फोन येणार. हप्ता मी जिवंत असेन तरच निघतो, म्हणून खात्री करतात. विचारलं, मिस्टर डूएट बोलताय का? मी म्हटलं, हो. विचारलं, तुम्ही हयात आहात का? मी म्हटलं, हो. पत्ता तोच? हो. तब्येत? मी म्हटलं, ठीक. झोप? असा प्रश्न तिच्या यादीत नव्हता, मीच सांगितलं की झोप लागत नाही. ती म्हणाली, ओह.

मग विचारलं, कामधंदा? मी म्हटलं, आजपासून डेकहँड, मिसिसिपीवर. पलीकडे टाइप करायचं थांबलं. मग तिने हळू आवाजात विचारलं, तुमचे वडीलही तेच करायचे का? इथे लिहिलेलं दिसतंय. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, साहेब, प्लीज, लाइफ जॅकेट घालत जा.

तिचा आवाज भरून आला होता. मला तरी तसं वाटलं.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, एक मुलगी. मी आहे ना, ते विचारत होती. आई दारात आली. एप्रनला हात पुसत माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, मग काय सांगितलंस?

मी म्हटलं, आहे म्हणालो.

खाली हॉर्न वाजतोय. वही ट्रंकेत टाकतो. आईने कडी काढून ठेवलीय. बाहेर पडतो, आणि दार मागे लावून घेतो.